पिंजौरच्या हलवायाचं लिव्हर

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी मी सहसा घरी नसायचे. उटणं, फराळाची ताटं, दारातली रांगोळी, सगळं नवरा आणि मुलगा मिळून उरकायचे. रांगोळी कशी यायची ते विचारू नका. शेजारच्या बाई मिठाईचा डबा घेऊन आल्या की विचारायच्या, "आज के दिन भी मम्मी घर पे नहीं?" मुलगा दारातूनच सांगायचा, "लैब गई हैं. कैंसर को खाना खिलाने." मुलगा चंदीगडातच वाढलेला. मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र हिंदी येतं. पहिल्यांदा हे उत्तर ऐकून त्या बाई डबा तसाच हातात धरून परत गेल्या होत्या.

पण पोरगं खोटं काही बोलत नव्हतं. माझी नोकरीच ती होती. हॉस्पिटलात कुणाच्या लिव्हरमधली गाठ काढली की तिचा हरभऱ्याएवढा तुकडा बर्फात ठेवून आमच्या लॅबमध्ये यायचा. तो बारीक चिरायचा, एका रसात मुरवून पेशी सुट्या करायच्या आणि जेलच्या थेंबांत बसवून जगवायच्या. हे जेल तुपाच्या बरोबर उलट वागतं. गारव्यात पातळ होतं आणि उबेला घट्ट. त्या थेंबात पेशींना वाटतं, आपण अजून पोटातच आहोत. जमून आलं तर काही आठवड्यांनी मोहरीपेक्षा बारीक गोळे दिसायला लागतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. आम्ही आपसांत ‘गोळे’च म्हणायचो. तो गोळा म्हणजे त्या माणसाच्या कॅन्सरची छोटी नक्कल. मग वेगवेगळी औषधं घालून बघायचं, कशानं मरतो.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही मुलाखतीत वाटलं होतं. हाच कॅन्सर माणसाच्या पोटात तणासारखा माजतो, आणि आमच्या बशीत आणला की रुसून मरून जातो. दर दोन-तीन दिवसांनी त्याला ताजा खुराक लागतो. त्याला रविवार नाही, करवा चौथ नाही, बंद नाही. पावसाळ्यात बुरशी लागली की आठवड्यांची मेहनत एका सकाळी कचऱ्यात. मग बशी टाकायची, हात धुवायचे आणि पुढच्या तुकड्याची वाट बघायची. वाट बघायची म्हणजे कुणाच्या तरी पोटात गाठ निघायची वाट बघायची. हे लक्षात आलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

माझ्याबरोबर हरप्रीत होती. लुधियान्याकडची, पीएचडी करणारी, उंचपुरी, हसली की जिन्यापर्यंत ऐकू जाणारी पोरगी. सणाच्या दिवशी गोळ्यांना कोण खायला घालणार यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो आणि नाव नेहमी माझंच निघायचं. चिठ्ठ्या हरप्रीत बनवायची, एवढंच सांगते.

एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला की प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा. गमती होत्याच. निवृत्त कर्नलसाहेब होते, ते दर सोमवारी फोन करून त्यांच्या तुकड्याचा ‘स्टेटस रिपोर्ट’ मागायचे. साताऱ्याकडची एका मेजरची बायको होती. मी बाहेर व्हरांड्यात माहेरी, मिरजेला, फोनवर भावाला झापत होते, ती पळत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, अजून थोडं बोला ना." नवऱ्याचं ऑपरेशन चालू होतं आणि बिचारीच्या कानावर महिनाभर मराठी शब्द पडला नव्हता. मी भावाला आणखी थोडं झापलं.

पण लिहायला बसले की सतपालजीच समोर येतात. तेव्हा त्यांचंच लिहिते.

आमच्या दारावर परवानगीशिवाय आत येऊ नये अशी पाटी होती. पेशंटनं लॅबमध्ये यायचं नसतं. आम्हाला त्यांची नावंही कळत नाहीत, तुकडा नंबर लावून येतो. एका धुक्याच्या सकाळी ती पाटी डावलून एक गृहस्थ आत आले. माकडटोपी, अंगावर लोई म्हणजे जाड लोकरी चादर, हातात स्टीलचा डबा. मागे त्यांची बायको, डोक्यावर पदर, दाराच्या चौकटीला खेटून उभी.

"मेरा लिवर यहीं रहता है जी?" त्यांनी विचारलं.

हरप्रीतनं तोंडावर हात दाबला. मी म्हटलं, "लिव्हर तुमच्याकडेच आहे. इथे फक्त तुकडा."

"हाँ हाँ, वही. सुना है ज़िंदा है."

ऑपरेशनच्या आधी संमतीची सही घेताना कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं होतं की तुमचा तुकडा लॅबमध्ये जिवंत ठेवतील. तेवढं वाक्य डोक्यात ठेवून हा माणूस तासाभरावरच्या पिंजौरहून बस पकडून, मजले विचारत विचारत आमच्यापर्यंत आला होता. कसं हाकलणार? मी बसायला स्टूल दिलं. त्यांनी डबा उघडून आमच्यापुढे बर्फी धरली. लॅबमध्ये खायला बंदी असते, म्हणून आम्ही बाहेर व्हरांड्यात उभं राहून खाल्ली. काय बर्फी होती, अहाहा.

व्हरांड्यात त्यांनी सगळं सांगितलं. ते पिंजौरच्या बाजारातले हलवाई, सतपाल. बायकोचं नाव कमलेश. इकडे हे बायकांचंही नाव असतं. तरुणपणी दोघांनी गावाजवळच्या एका सत्संगात नाव घेतलेलं, म्हणजे दारू-मांस सोडायची शपथ. त्यानंतर थेंब नाही, आणि त्याआधीही नव्हता, कारण बाप कडक होता. दर रविवारी सत्संगात जेवणावळ असायची. तिथली कढई सतपालजींची. शेकडो लोकांचा हलवा, पुऱ्या, छोले. दुकान पोटासाठी आणि ती कढई जिवासाठी, असं त्यांचं आयुष्य होतं.

मग लिव्हरमध्ये गाठ निघाली. आता इकडे लिव्हर म्हटलं की पुढचा शब्द दारू. दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. गावात कुजबुज सुरू झाली: बघा, शपथ घेऊन चोरून प्यायचा. सत्संगाच्या प्रधानजींनी एक दिवस गोड शब्दांत सांगितलं, तुम्ही आता आराम करा, कढई दुसरं कुणी बघेल, तुम्ही जोडाघरात बसा. जोडाघर म्हणजे लोक चपला ठेवून बिल्ला घेतात ती जागा.

"जूते सँभालना छोटी सेवा नहीं है जी," सतपालजी म्हणाले. "सेवा सारी बराबर. पर मुझे पता है ना, मुझे वहाँ क्यों भेजा."

म्हणून ते आले होते. तुकडा जिवंत आहे तर त्याला विचारा. मशीनमध्ये बघा आणि सांगा की सतपालनं प्यायली नाही.

त्यांच्या फाइलवरून मी नंबर जुळवला, आजार वाचला आणि खरं ते सांगितलं. तुम्हाला साखरेचा आजार आहे, आयुष्यभर पाक चाखलात, लिव्हरवर चरबी चढली, चरबीनं लिव्हर निबर झालं आणि निबर लिव्हरमध्ये गाठ धरली. दारूचा थेंब न घेता हे होतं आणि हल्ली सर्रास होतं. ते खूश झाले. "तो मशीन में दिखता होगा!"

"नाही दिसत," मी म्हटलं. "दारूनं चढलेली चरबी आणि मिठाईनं चढलेली चरबी काचेवर सारखीच दिसते. डॉक्टरसुद्धा पेशंटला विचारूनच ठरवतात."

"पेशंट बोल तो रहा है."

एवढं बोलून त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मैडम जी, एक काम करो. इनको दारू पिलाओ. जिसने पी होगी उसका टुकड़ा टिका रहेगा. मेरे वाले ने कभी चखी नहीं, एक बूँद में मर जाएगा. देख लेना."

आता मात्र हरप्रीत जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी हसली. मलाही हसू आलं, पण त्या माणसाचा चेहरा बघून आवरलं. तो विनोद करत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की आपल्या शरीराचा एक कण आपल्या बाजूनं साक्ष देईल. मी समजावलं की आम्ही स्पिरिटनं टेबल पुसतो, त्यात पिणाऱ्याचंही काही जगत नाही आणि न पिणाऱ्याचंही. त्यांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

निदान रिकाम्या हातानं जाऊ नयेत म्हणून मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून त्यांचे गोळे दाखवले. नियमात बसत नव्हतं, पण दाखवले. थेंबाथेंबात पारदर्शक, गोल, टपोरे फुगे दिसत होते. इतके देखणे गोळे आमच्याकडे क्वचित आले होते.

"ओए! ये तो रसगुल्ले हैं जी!" ते ओरडलेच. "कमलेश, आ, देख तो सही!"

"मैंने नहीं देखना," कमलेशजी चौकटीतून म्हणाल्या. त्यांचा हा पहिला शब्द.

त्यानंतर ते दर तपासणीला येऊ लागले. आधी ओपीडीत, मग आमच्याकडे. "मेरे रसगुल्ले कैसे हैं?" मी म्हणायचे, "झकास." आणि खरंच ते गोळे धडाधड वाढत होते. एका बशीच्या चार झाल्या. आम्ही हुरळून गेलो. औषधांची चाचणीही लावली.

इथे आमच्या धंद्यातली एक खोच सांगायला हवी. गाठीचा तुकडा कापून येतो तेव्हा कडेनं थोडं निरोगी लिव्हरही येतं. त्यात पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांच्या पेशी फार गुणी. जेलमध्ये टाकल्या की बहरतात, पोकळ, सुबक फुगे करतात. कॅन्सरच्या पेशी तेव्हा कोपऱ्यात हिरमुसून बसलेल्या असतात, घट्ट, काळपट, ओबडधोबड. तुम्ही बहरलेल्यांना खुराक घालत राहता आणि जे वाढवायला बसला होतात ते उपाशी मरतं. नवखा माणूस यात फसतोच, आणि मुरलेलाही फसतो, कारण बशी हिरवीगार दिसली की कुणाचंही मन मोहतं.

एका सकाळी हरप्रीत सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाली, "मैम, ये कुछ ज़्यादा ही अच्छे बच्चे नहीं हैं?" आम्ही रंग देऊन तपासणी केली. संशय खरा निघाला. सतपालजींचे रसगुल्ले कॅन्सर नव्हताच. निरोगी नळ्या होत्या.

नेमकं तेव्हाच त्यांचा आजार उलटला होता. दुसऱ्या बाजूला नव्या गाठी आल्या होत्या. त्यांचे डॉक्टर भुल्लरसाहेब, मोठा भला माणूस. कॅन्सरवरच्या दोन औषधी गोळ्यांपैकी कुठली द्यावी याचा विचार करत होते आणि मला विचारत होते, "तुम्हारे गोले क्या कहते हैं?" परवानगी होती, म्हणजे आमचं उत्तर वेळेत आलं तर त्यांनी ते विचारात घ्यायचं असं ठरलेलं होतं. मी सांगितलं, साहेब, आम्ही चुकीच्याच पेशींना विचारत होतो. रिवाजाप्रमाणे जी आधी देतात ती गोळी त्यांनी सुरू केली. आम्ही फ्रीजरमधला राखून ठेवलेला तुकडा काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी खुराकातून एक घटक काढून टाकला. तो नसला की निरोगी पेशी झुरतात, कॅन्सर मात्र तग धरतो. एवढं साधं.

सतपालजी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही पाहिलेत ते रसगुल्ले कॅन्सर नव्हते, तुमच्याच चांगल्या पेशी होत्या, आमचा वेळ गेला.

"मतलब वो अच्छे वाले भी मेरे ही थे?"

"तुमचेच."

"फिर तो ठीक है जी. अंदर से कुछ तो अच्छा निकला." आणि मग, त्यांच्या मनात जे अखंड चालू होतं तेच तोंडावर आलं. "यही बात आप प्रधान जी को बता दो ना. मेरी तो कोई सुनता नहीं. आप चंडीगढ़ की मैडम हो."

मी टाळलं. हे माझं काम नाही, असं म्हटलं. ते पुढच्या वेळी पुन्हा म्हणाले. तोवर त्यांची लोई अंगावर लोंबायला लागली होती आणि डोळ्यांत पिवळी झाक दिसत होती. मला दिसत होतं की या माणसाला औषधाचं फारसं काही पडलेलं नाही. मी रात्रंदिवस गोळ्यांना विचारत होते, कशानं मरशील? त्यांना विचारायचं होतं ते भलतंच, आणि त्यासाठी त्यांच्याकडे थोडेच रविवार उरले होते.

तेव्हा एका रविवारी मी गेले. नवरा म्हणाला, "तू कशाला त्या भानगडीत पडतेस?" मी म्हटलं, "पडले आहेच."

कालका रोडच्या बसनं पिंजौरला उतरले. कमलेशजी स्टॉपवर उभ्या होत्या. सत्संगाच्या आवारात शिरताना जोडाघराच्या खिडकीत सतपालजी बसलेले दिसले. माझ्या चपला त्यांनीच घेतल्या, खाली वाकून, दोन्ही हातांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या शेडमधून पुऱ्यांचा वास येत होता. ते म्हणाले, "तेल ज़्यादा गरम कर दिया है. जल जाएँगी." उठले मात्र नाहीत.

प्रधानजी पांढऱ्या कुडत्यातले, सौम्य, निवृत्त ओव्हरसियर. मला खुर्ची दिली, चहा दिला. वाईट माणूस अजिबात नव्हता, हे मुद्दाम लिहिते. मी माझ्या मिरजेच्या हिंदीत सगळं सांगितलं: साखर, चरबी, निबर लिव्हर. दारूशिवाय हा आजार होतो, आम्ही असे कितीतरी तुकडे बघतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सतपालजी शेजारी उभे होते, हात जोडून.

"तो मैडम जी," प्रधानजी म्हणाले, "आपने मशीन में पक्का देखा है कि इन्होंने नहीं पी?"

अहो, खोटं बोलायला मला येत नाही असं नाही. सासूबाईंच्या हातची आमटी आवडते असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण हा प्रश्न मशीनचा होता. पेशींनी जे सांगितलं नाही ते त्यांच्या तोंडी घालायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी सगळी नोकरी उभी होती. चुकीच्या गोळ्यांवरची चाचणी आम्ही आमच्या हातानं केराच्या टोपलीत टाकली होती, ती याच हिशेबानं.

"मशीन में नहीं दिखता," मी म्हटलं. "दोनों एक जैसे दिखते हैं. पर मुझे इन पर पूरा विश्वास है."

"विश्वास तो हमें भी है जी," प्रधानजी हळू आवाजात म्हणाले. "पर संगत के मन में किंतु रह जाता है. बाकी परमात्मा जाने." संगत म्हणजे सत्संगाला जमणारी मंडळी. आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

सतपालजी आणि कमलेशजी मला बसपर्यंत सोडायला आले. तिघं स्टॉपवर उभे. बस दिसली तेव्हा म्हणाले, "इतनी दूर से यही बोलने आई थीं?"

"चुप करो जी," कमलेशजी म्हणाल्या.

मी बसमध्ये चढले. सूरजपूरपर्यंत राग आला होता, त्यांचा, प्रधानजींचा, माझा. पंचकुला येईस्तोवर रागही उरला नाही, नुसता थकवा. घरी नवऱ्यानं गरम गरम पिठलं वाढलं. आजही कुणी विचारतं, एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं. तरी पुन्हा तो प्रश्न आला तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि पुन्हा घरी येऊन अशीच थकून बसेन.

त्यानंतर ते लॅबकडे फिरकले नाहीत. गोळे मात्र या वेळी खरेच लागले. सावकाश, कुरूप, तुतीच्या फळासारखे खडबडीत. हरप्रीत त्यांना खायला घालताना त्यांच्याशी पंजाबीत भांडायची. पुरेसे झाले तशी आम्ही चाचणी लावली. जी गोळी सतपालजींना चालू होती, तिनं बशीतल्या गोळ्यांना काडीचा फरक पडला नाही. दुसरीनं ते मेले. स्वच्छ, सगळे, पुन्हा पुन्हा लावली तरी मेले.

मी भुल्लरसाहेबांकडे धावत गेले. या वयात आणि या गुडघ्यांनी. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला. म्हणाले, पोटात पाणी भरलंय, कावीळ चढलीय, आता कुठलीच गोळी पचवण्याइतकं लिव्हर त्यांच्याकडे राहिलेलं नाही. "पेपर अच्छा बनेगा," असंही म्हणाले, आणि लगेच, "सॉरी." बशीत मरतं ते माणसात मरेलच असं नाही, हे मी स्वतः नव्या मुलांना कैकदा शिकवलं आहे. तरी त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आमचं उत्तर बरोबर आलं होतं आणि ते घ्यायला कुणी नव्हतं. या धंद्यात असंच होतं. वर्षानुवर्षं असंच होतं, आणि आपण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुराक तयार करतो.

पुढच्या महिन्यात कमलेशजी आल्या. एकट्याच. या वेळी चौकटीत थांबल्या नाहीत, सरळ आत आल्या. "चले गए जी," म्हणाल्या. "रविवार को रस्म पगड़ी है. आप आना."

मी विचारलं, "मी आलेलं चालेल? ते रागावले होते माझ्यावर."

"ग़ुस्सा तो थे," त्या म्हणाल्या. "पर कहते थे, एक वही है जो झूठ नहीं बोलती. फिर उस पर भी ग़ुस्सा होते थे." मग बाकावरच्या सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून विचारलं, "है अभी?"

मी म्हटलं, "आहे. बघायचंय?"

"नहीं."

मी आणि हरप्रीत गेलो. सत्संगाच्याच आवारात तंबू, खाली पांढऱ्या चादरी, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढे हार घातलेला फोटो. फोटोत सतपालजी चांगले गुबगुबीत होते, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधली, म्हणजे आता घरचा कर्ता तो, नातेवाइकांनी डोक्यावर हात ठेवले. मग एकेक जण माइकवर येऊन दोन शब्द बोलू लागला. अशा वेळी बोलतात तसंच सगळे बोलले. शेवटी प्रधानजी उठले.

त्यांनी सतपालजींच्या सेवेबद्दल सांगितलं, कढईबद्दल सांगितलं. ते बोलणं खोटं नव्हतं. मग म्हणाले, "संगत जी, कुछ लोगों के मन में शंका थी. आज मैं सबके सामने वो शंका दूर करता हूँ. चंडीगढ़ की बड़ी लैब की मैडम खुद चलके यहाँ आई थीं. उन्होंने मशीन में सतपाल जी का लिवर देखा और मुझे बताया कि इस आदमी ने ज़िंदगी में शराब की एक बूँद नहीं पी. मैडम यहीं बैठी हैं."

सगळा तंबू माझ्याकडे वळला. हरप्रीतनं माझा हात घट्ट धरला. मी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. उभं राहून सांगायला हवं होतं का? कुणाला? त्या फोटोला? समोरच्या म्हाताऱ्या बायका मान डोलवत होत्या, एकीनं डोळ्यांना पदर लावला, मागून कुणीतरी म्हणालं, "देखा, मैं कहता था." जे त्या माणसानं माझ्याकडे, माझ्या मशीनकडे, त्या बशीतल्या फुग्यांकडे मागितलं होतं, ते त्याला एका मिनिटात मिळालं होतं. मी बसल्या जागी हात जोडले. लोकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

तेव्हा बायकांच्या बाजूनं कमलेशजी उठल्या. पदर सावरला, चादरीवरून चालत माइकपर्यंत गेल्या. प्रधानजींना वाटलं आभार मानणार, त्यांनी माइक पुढे केला. कमलेशजी माइककडे वळल्याच नाहीत, प्रधानजींकडे बघूनच बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण माइक चालू होता आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"यही बात उनके जीते जी बोल देते, प्रधान जी. एक इतवार तो कढ़ाई पे बैठ जाते."

प्रधानजींनी माइक खाली केला. मी जोडलेले हात खाली घेतले.